गाडी आता थांबत नाही

जाफराबाद,
रविवार, २४ नोव्हेंबर २०२४
(कार्तिक वद्य नवमी)

चि. उमास,
जगन्नाथचे अनेक आशीर्वाद.

येथील सर्व क्षेमकुशल आहे. म्हणजे क्षेम निश्चित आहे, कुशल चौकशीखाली आहे. चि. पार्थची सहामाही कशी गेली ते कळव. गणितात कमी गुण पडले असल्यास रागावू नकोस, त्या विषयात आमच्या घराण्याची परंपरा उज्ज्वल नाही. आईने त्याच्यासाठी थालीपिठाची भाजणी दळून ठेवली आहे आणि नाशकात ज्वारी मिळत नाही, अशी तिची दृढ श्रद्धा आहे.

हाती भ्रमणध्वनी असता हा मनुष्य पत्र का लिहितो, असे तुला वाटेल. मी तुला फोन लावला की आई शेजारी येऊन बसते आणि ‘मोठ्यानं लाव’ म्हणते. तिच्या कानी पडू नये असे काही सांगायचे आहे. शिवाय भूमी अभिलेख कार्यालयात केस पांढरे केलेल्या माणसाला कोणतीही गोष्ट कागदावर आल्याविना घडल्यासारखी वाटत नाही.

गाडी विकण्याविषयी तू उन्हाळ्यात विचारले होतेस. त्याबाबतचा सविस्तर अहवाल सादर आहे.

माघात भारत गेल्यावर आपण कल्याणला चालक म्हणून ठेवले. मनुष्य सज्जन, निर्व्यसनी, आणि बोलण्यात काटकसरी. काही महिने ती वयोवृद्ध षट्चक्रधारिणी मालमोटार सुरळीत चालली. आषाढापासून मात्र तिने नवीनच व्रत घेतले. धावता धावता इंजिन बंद पडे. खोकला नाही, धूर नाही, पूर्वसूचना नाही. थोडा वेळ उभी राहिली की काही घडलेच नाही अशा थाटात पुन्हा सुरू. कधी हसनाबादच्या अलीकडे, कधी जुन्या जालन्यात धान्याच्या दुकानांसमोर, भर गर्दीत. कधी पंधरवडाभर मुळीच नाही.

राजानंद मिस्त्रीने यथाशास्त्र चिकित्सा केली. डिझेलचे फिल्टर बदलले, फीड पंप बदलला, नळ्या बदलल्या. प्रत्येक वेळी निदान एकच, ‘गाडी हवा घेऊन राह्यली.’ शेवटी हात पुसत म्हणाला, “साहेब, समदं बदलून झालं. आता डायवर तेवढा बदलायचा राह्यला.”

कल्याण चाकाशी बसला होता. तो म्हणाला, “मिस्त्री बी बदलून पाहू की एकदा.”

या विद्वत्सभेत मी अध्यक्षस्थानी होतो, म्हणजे काही न कळता मान हलवीत होतो.

आता आईविषयी. भारत गेला तेव्हा ती रडली नव्हती, हे तू पाहिले आहेस. तू आणि पार्थ नाशिकला गेल्यावरही ती तशीच होती. जेवायची, झोपायची, विचारले तर उत्तर द्यायची. गाडी पहिल्यांदा बंद पडली त्या दिवशी कल्याणने घरी येऊन सांगितले, आणि मी तिच्या चेहऱ्याकडे पाहतच राहिलो. उमा, तो चेहरा उजळला होता. म्हणाली, “त्येनंच थांबवली आसंल. परक्याच्या हातात गाडी दिल्याली त्याला बघवत न्हाई. कुठं थांबली म्हन्ला?”

कल्याण म्हणाला, “हसनाबादच्या मोरीपाशी.”

“हां. तिथंच च्या प्यायचा त्यो.”

तेव्हापासून हा नित्यक्रम झाला. गाडी परतली की आई ओट्यावर येई. “आज कुठं?” कल्याणने ठिकाण सांगितले की ती तिथली भारतची एखादी गोष्ट काढी. अशा गोष्टी निघाल्या, ज्या मला सख्ख्या भावाला ठाऊक नव्हत्या. तिला भूक लागू लागली. ती कल्याणला रागावू लागली, मला तर विशेषच. मी, जो कार्यालयात शकुन-अपशकुनाची यथेच्छ टिंगल करतो, तो संध्याकाळी पायऱ्या चढताना स्वतःच विचारू लागलो, आज कुठे?

दिवाळीनंतर गाडी दारातच बंद पडली. राजानंद पंपाकडे वळला. मी, केवळ आपणही काही करीत आहोत असे दिसावे म्हणून, टाकीत डिझेल आहे का ते पाहायला झाकण उघडले. आतून दीर्घ श्वास घेतल्यासारखा आवाज आला. “आता मारून पाहा,” मी म्हणालो. कल्याणने किल्ली फिरवली आणि गाडी सुरू झाली. राजानंदला वाटले त्याच्या पान्याचा गुण. मी झाकण उलटे करून पाहिले.

तुला ठाऊक आहे, दर अमावास्येला भारत गाडीची पूजा करायचा. नारळ, लिंबू, स्टिअरिंगला हार. तो गेल्यावर आईने ती पूजा आपल्याकडे घेतली. पण तिच्या गुडघ्यांना केबिनची पायरी चढवत नाही. गाडीवर भारतचा हात रोज लागायचा अशी, आणि तिचा हात पोचेल अशी एकच जागा होती, टाकीचे झाकण. त्याला ती तेलात कालवलेला शेंदूर लावायची आणि तळवा टेकवून उभी राहायची. अमावास्येमागून अमावास्या गेली, थरावर थर चढला.

त्या झाकणाला बारीक छिद्र असते. डिझेल खर्च होईल तशी त्यातून टाकीत हवा शिरली पाहिजे. छिद्र बुजले की टाकीचा श्वास कोंडतो, इंजिनाला डिझेल ओढता येत नाही, आणि गाडी थांबते. उभी राहिली की कुठून तरी थोडी हवा झिरपते आणि ती पुन्हा चालते. शेंदूर उन्हात मऊ पडे, गारव्यात घट्ट होई. म्हणून गाडी कधी बंद पडे, कधी नाही. निदान पूर्ण झाले. चमत्कार, शनी, पितर, सर्व निर्दोष.

मी कोणाला काही बोललो नाही. झाकण होते तसे लावून घरात आलो. आई म्हणाली, “आज तर दारातच थांबवली बग त्यानं. घरी आल्ता.”

पुढच्या आठवड्यात भोकरदनच्या रस्त्यावर वळणावर गाडी थांबली आणि मागून येणारी एसटी अक्षरशः हातभर अंतरावर उभी राहिली. कल्याणने ते सहज सांगितले. त्याला दोन मुली आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गाडी काढण्यापूर्वी मी दाभण घेऊन गेलो आणि छिद्र मोकळे केले. या कामाला जेवढा वेळ लागतो त्याहून अधिक वेळ मी तिथे उभा होतो, एवढेच लिहितो.

त्यानंतर गाडी एकदाही थांबलेली नाही.

आई विचारीत राहिली. “आज कुठं?” “कुठंच न्हाई माय, बराबर आली.” कल्याण बिचारा आनंदाने सांगे. चार-पाच दिवसांनी तिने मला बोलावले. “जगू, तू काई केलं का रं गाडीला?”

माझ्यासारख्या वाचाळाला अशा प्रसंगी एखादे सुभाषित सुचायला हवे होते. मी म्हणालो, “न्हाई.”

परवा कल्याण जालन्याहून सरकीच्या पेंडीची पोती घेऊन आला. पोती फळक्यांच्या वर आली होती. आईने ओट्यावरून पाहिले आणि म्हणाली, “रिकामीच आली.” मग आत जाऊन बसली. थोड्या वेळाने आवाज आला म्हणून गेलो, तर ती भिंतीला टेकून रडत होती. माघात रडायला हवे होते तसे. मी शेजारी बसलो. बऱ्याच वेळाने पदराने तोंड पुसून म्हणाली, “गेला मंग त्यो. इकून टाक आता.”

गाडी तुझ्या नावावर आहे, तेव्हा विक्रीला तुझी सही लागेल. ती टपालाने मागवता आली असती. मात्र तू प्रत्यक्ष यावेस, असे वाटते. तिला खरे सांगितले, तर इतके दिवस ज्याला ती भारतचा हात समजत होती तो तिचा स्वतःचाच होता, हे तिला कळेल. न सांगितले, तर आपला मुलगा आपल्याला न सांगता पुन्हा एकदा गेला, असे मानून ती उरलेले दिवस काढील. यातले कोणते कमी जड आहे, हे मला ठरवता येत नाही. तू त्याची बायको आहेस. तुला कदाचित येईल.

येत्या अमावास्येसाठी आईने शेंदूर आणायला सांगितलेला नाही. मी वाट पाहत आहे. कशाची, ते विचारू नकोस.

पार्थला गोड पापा. लवकर ये.

खोटे बोलून गप्प बसलेला,
भारतचा भाऊ
जगन्नाथ