धाकलीचा शोध, दर गुरुवारी चार ते सहा

प्रिय मेहुणीबाई,

अनेक आशीर्वाद. (वयाने मोठा असल्यामुळे ते द्यायचा हक्क माझा आहे. नको असतील तर उलट टपाली परत पाठव, दुसऱ्या कुणाला देईन.) तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहितो आहे. पत्राचं एक बरं असतं, ते मध्येच कट करता येत नाही. फार तर फाडता येतं, पण तू कागद फाडणाऱ्यातली नाहीस. तू पाठकोऱ्या कागदावर सामानाची यादी करणाऱ्यातली आहेस, म्हणून मुद्दाम दोन्ही बाजूंनी लिहितो आहे. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना त्रास देतो असं तुझ्या मुलाकडून कळलं. माझं बरं चाललं आहे. ज्या माणसाने छत्तीस वर्षं बसगाड्यांची वेळापत्रकं केली, त्याचं पोटसुद्धा वेळेवर चालतं. यापेक्षा जास्त तपशील मेहुणीला कळवणं शोभत नाही.

तुझ्या ताईचं मात्र खरं तेच सांगतो. विसरणं वाढलं आहे. तीस वर्षं औषधांच्या दुकानात उभं राहून जिने सगळ्या गल्लीच्या गोळ्या तोंडपाठ ठेवल्या, ती आता स्वतःची सकाळची गोळी घेतली का, हे मला विचारते. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि पुढे काय काय होईल तेही सांगितलं. कधी होईल ते मात्र त्यांना सांगता येत नाही. (माझ्या खात्यात असे असते तर पहिल्याच दिवशी मेमो मिळाला असता.) तुमच्या आईचं शिवणाचं मशीन ती तुझ्यासाठी ठेवते म्हणाली आणि भंगारवाल्याला देऊन मोकळी झाली, त्याला आता अडीच वर्षं होतील. तिने ते मुद्दाम केलं असं तुला वाटलं. खरं सांगू? मलाही तसंच वाटलं होतं. आजाराचं कळलं ते त्यानंतर सहा महिन्यांनी. मी तुझ्या मुलाकडे निरोप ठेवला होता. तो तुझ्यापर्यंत पोचेतो ‘ताई हल्ली जरा विसरते’ एवढाच उरला असेल, तर त्याला दोष देत नाही. मीही तेव्हा तो तेवढ्याच आवाजात सांगितला होता. असो. हे पत्र त्याबद्दल नाही. हे पत्र एका राक्षसाबद्दल आहे.

झालं असं, की डॉक्टर म्हणाले, यांना माणसांत ठेवा, काहीतरी नवीन करायला लावा. हे तुझ्या भाचीला कळवलं, तर तिने एक खोका पाठवला. आत जाडजूड पुस्तक आणि चार, आठ, बारा, वीस बाजूंचे फासे. (वीस बाजूंचा फासा टाकला की तो थांबायचं नाव घेत नाही. आमचा पहिला अर्धा तास टेबलाखालीच गेला.) खेळ सोपा आहे. पट नाही, डाव नाही. एकाने सूत्रधार व्हायचं आणि गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, कुणी योद्धा, कुणी जादूगार, आणि आपण काय करतो ते आपणच सांगायचं. जमेल की नाही अशी शंका आली, की फासा टाकायचा. थोडक्यात, लहानपणी जे फुकट करत होतो ते आता पुस्तकात बघून करायचं. मी वाचनालयाच्या फळ्यावर चिठ्ठी लावली: ‘साठीच्या पुढच्या नवशिक्यांसाठी सोंगं घेण्याचा खेळ, मागची खोली, दर गुरुवारी चार ते सहा, अनुभवाची गरज नाही, वेळ पाळावी.’ ‘वेळ पाळावी’खाली दोन रेघा मारल्या.

तीन माणसं आली. एक दाताचे डॉक्टर, नुकताच दवाखाना बंद केलेले. दुसऱ्या स्टेनोबाई, यांनी जन्मभर कोर्टातल्या साक्षी लघुलिपीत उतरवल्या आणि अजूनही कुणी बोलायला लागलं की त्यांचा हात पेन्सिलीकडे जातो. तिसरे प्लंबर. ते मुळात खेळायला आलेच नव्हते. त्या खोलीतला नळ दुरुस्त करायला आले होते, पाना हातात घेऊन ऐकत उभे राहिले, आणि मग म्हणाले, ‘त्या भुयारात पाणी कुठून येतं ते तुम्ही सांगितलंच नाहीत.’ तेव्हापासून ते आमच्यात आहेत. नळ अजून गळतो आहे.

पहिल्या दिवशी माझी अब्रू गेली. मी आठवडाभर खपून किल्ला रचला होता आणि त्यात पहारेकरी राक्षस ठेवला होता. आता पहारेकरी म्हटला की त्याची ड्यूटी आली, ड्यूटी आली की सुट्टी आली, हे मला वेगळं शिकवावं लागत नाही. मी राक्षसाचं रीतसर वेळापत्रक केलं होतं आणि मूर्खासारखं ते टेबलावर उघडं ठेवलं होतं. मंडळींनी ते वाचलं, गोष्टीतले साडेतीन वाजेपर्यंत झुडपामागे बसून राहिली, आणि राक्षस विश्रांतीला गेल्यावर मुख्य दारातून चालत आत गेली. तलवार कुणी उपसली नाही. आठवड्याची मेहनत बारा मिनिटांत संपली. पुढच्या खेपेला मी वेळापत्रक नसलेला राक्षस आणला, तर दाताच्या डॉक्टरांनी त्याला आधी आ करायला सांगितलं. (त्यांना योद्धा दिलाय, कवच आहे, ढाल आहे. पण समोरच्याने तोंड उघडलं की त्यांना राहवत नाही.) खालची दाढ किडली होती म्हणे. राक्षस इतका कृतज्ञ झाला की तो आता आमचं सामान उचलतो. सोंग घ्यायला बसवलं आणि जो तो आपापल्या धंद्यावर गेला. जित्याची खोड, दुसरं काय!

आता तुझ्या ताईचं ऐक. पुस्तकात लिहिलं आहे की प्रत्येक सोंगाला एक ध्यास असावा. डॉक्टरांनी खजिना मागितला, स्टेनोबाईंनी कीर्ती, प्लंबरने ‘बघू’ म्हटलं. तुझी ताई वैदू झाली आहे, झोळीत मुळ्या आणि पाला घेऊन फिरणारी. तुझा ध्यास काय, असं मी विचारलं, तर क्षणभरही न थांबता म्हणाली, ‘माझी धाकली हरवलीय. तिला शोधायचंय.’

माझ्या हातातला फासा हातातच राहिला. त्या दिवशी स्टेनोबाईंनी नोंद केली आहे: ‘सूत्रधारांनी फासा न टाकता खिशात घातला.’

तेव्हापासून आज अकरा आठवडे चार म्हातारी माणसं तुला शोधत आहेत. ताईला मागच्या गुरुवारचं काही आठवत नाही, म्हणून सुरुवातीला स्टेनोबाई आधीची सगळी नोंद वाचून दाखवतात, कोर्टात वाचत असतील तशी, एका सुरात. तुझी ताई ती डोळे मोठे करून ऐकते आणि मधेच विचारते, मग, सापडली? असा श्रोता कुठल्याही सूत्रधाराला मिळणार नाही. जुनं मात्र तिचं लख्ख आहे. एकदा मी ओघात म्हणून गेलो, की धाकली अंधाराला घाबरून बसली असेल. त्यावर सगळ्यांसमोर माझी कानउघाडणी झाली. ती अंधाराला घाबरत नाही, मांजराला घाबरते. रुसली की कपाटात जाऊन बसते आणि वेणीचं टोक चावते. नाव घेऊन हाक मारली तर येत नाही, पण बाहेर कुणी गोष्ट सांगायला लागलं की दार हळूच किलकिलं करते. स्टेनोबाईंनी हे सगळं उतरवून घेतलं आहे. प्लंबर आता कुठल्याही वाड्यात शिरले की आधी कपाटं बघतात आणि मग मांजर नाही ना, याची खात्री करून घेतात. तुला कधी न भेटलेली तीन माणसं तुला इतकी ओळखतात, याचा राग मानू नकोस.

अडचण माझी आहे. पहिल्याच महिन्यात त्यांनी तुला शोधून काढलं असतं, इतकी ती चिकाटीची माणसं आहेत. पण सापडलीस म्हणून मी सांगितलं, की पुढे तुझ्या तोंडून बोलायचं कोणी? मीच? छत्तीस वर्षं मी लोकांना गाडी कधी येईल ते सांगितलं, न येणारी गाडी आली असं कधी सांगितलं नाही. म्हणून मी टोलवाटोलवी करतो. पूल मोडला. दरड कोसळली. होडीवाला जेवायला गेला. (हे तिसऱ्यांदा झालं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, हा होडीवाला तुमच्याच खात्यातला का?) मंडळी माझ्यावर भयंकर चिडली आहेत आणि त्यांचं बरोबरच आहे.

मागच्या गुरुवारी माझ्याजवळचे पूल संपले. शेवटचा मनोरा, शेवटचा मजला, शेवटचं दार. तुझ्या ताईने फासा टाकला आणि वीस पडले, म्हणजे सगळ्यात मोठा आकडा, कडीचं काही चालणारच नाही. दार उघडलं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी सांगितलं, खोली रिकामी आहे. एवढा नालायकपणा मी आयुष्यात केला नव्हता. तुझ्या ताईने झोळी आवरल्यासारखा पुढ्यातला कागद दुमडला आणि कुणाकडेही न बघता म्हणाली, ‘रागावून गेली असेल. माझंच काहीतरी चुकलं असेल.’ डॉक्टर चष्मा पुसत बसले. स्टेनोबाईंची पेन्सिल पहिल्यांदाच थांबली. तेवढ्यात प्लंबरने घसा खाकरून विचारलं, खोलीत नळ आहे का? मी म्हटलं, आहे. तर म्हणाले, ‘मी उघडून बघतो. पहिलं पाणी गरम येतंय का?’ मी मान डोलावली. त्याबरोबर ते तुझ्या ताईकडे वळले आणि म्हणाले, ‘वहिनी, आत्ताच गेलीय. नळीत पाणी निवायला वेळ लागतो, माझा चाळीस वर्षांचा अनुभव आहे. लांब नाही गेलेली.’ तुझ्या ताईने कागद पुन्हा उलगडला. हे सगळं फासा न टाकता झालं, नियमात बसत नाही, आणि नोंदीत आहे. घरी येताना मी रस्ताभर रडलो. ती माझ्या हाताला धरून चालत होती आणि काय झालं म्हणून विचारत होती.

असा आमचा खेळ चालला आहे. तुझ्या घरी सगळ्यांना आशीर्वाद आणि गुडघ्याला स्वतंत्र आशीर्वाद. लोभ होता तेवढा तरी ठेवावा.

तुझा,
भावजी

ता. क. हे पत्र राक्षसाबद्दल आहे असं मी वर लिहिलं ते खोटं आहे. पुढच्या गुरुवारी ये. तुमच्याकडून सकाळी सव्वासातची गाडी धर, ती दोनला इथे पोचते. साडेआठची धरू नकोस, तिचं वेळापत्रक मी निवृत्त झाल्यावर दुसऱ्यांनी केलेलं आहे. आमच्या खोलीला आतून एक दार आहे, त्याच्यामागे पुस्तकं बांधायची छोटी खोली. तिथे खुर्ची ठेवतो. सोंग घ्यायचं नाही, फासा टाकायचा नाही. दार वाजलं की उघडायचं, बस. रुसलेली आलीस तरी चालेल, आमच्याकडे तशीच नोंद आहे.

ता. क. दुसरा. ती तुला ओळखेल का, असं तुझ्या मनात येईल. त्या गुरुवारी ओळखेल. त्याच्या पुढची गाडी कधी आहे ते मला माहीत नाही, आणि मला फार भीती वाटते.

ता. क. तिसरा. (हे अक्षर माझं आहे, ओळखलंस ना?) धाकले, हे पत्र पेटीत टाकायला यांनी माझ्याकडे दिलं आणि पाकीट चिकटवायला विसरले. विसरण्याचा आजार म्हणे मला आहे! मी सगळं वाचलं. मशीनचं मला काही आठवत नाही. खूप आठवून बघितलं. पण हे खोटं लिहीत नाहीत, तेव्हा मी दिलं असणार. चुकलं माझं. उद्या ही माफी मागितल्याचंही लक्षात राहणार नाही, म्हणून पत्र जपून ठेव, आणि मी पुन्हा माफी मागितली तर पुन्हा दे, कंटाळू नकोस. मी वाचलंय हे यांना कळू देऊ नकोस. बिचाऱ्यांनी मला चकित करायचा एवढा घाट घातलाय. दार उघडलं की मी चकित झाल्याचं सोंग करीन. आणि तोवर विसरले असले, तर सोंगही करावं लागणार नाही.