मीटरमधला लाल दिवा

बाबा, काल एक जण गाडी घेऊन आला. इलेक्ट्रॉनिक शॉकअप गेलेत, कंपनीचे परवडत नाहीत, साधे बसवा म्हणाला. इथपर्यंत ठीक होतं. मग सांगतो, मीटरमध्ये दिवा पेटत राहील, तर तेवढा बल्ब काढून टाका. मी त्याच्यावर अशी खेकसले की बिचारा चहा अर्धा ठेवून निघून गेला. त्याचं काय चुकलं? राग मला माझाच आला होता. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे सांगायला दुसरं माणूस सुचेना.

शेठची ती पांढरी परदेशी गाडी आठवतेय ना? नव्वदच्या दशकात उल्हासनगरात तशी गाडी एखादीच. प्रत्येक शॉकअपच्या डोक्यावर बारकी मोटर, तिला वायर, आणि रस्ता बघून शॉकअप कडक-मऊ करणारा कॉम्प्युटर. ते गळायला लागले, आणि नवे मागवायचे म्हणजे थेट परदेशातून. तुम्ही चार दिवस खटपट करून चारही साधे बसवलेत. बोनेटवर भार देऊन हात सोडलात, गाडी एकदा वर आली आणि गप्प बसली. पण मोटरी निघाल्या म्हणून मीटरमधला लाल दिवा पेटला, तो काही विझेना.

तो मी विझवते, असं मीच छाती फुगवून म्हणाले होते. आयटीआयमधून वायरिंग शिकून आले होते ना! तुम्ही मला गॅरेजमध्ये घेतलंत तेव्हा नाक्यावरचे म्हणायचे, पोरीच्या हातात गाड्या देतो, डोकं फिरलंय याचं. तुम्ही लक्ष द्यायचा नाहीत, मला मात्र शब्दन् शब्द ऐकू यायचा. सकाळपासून झटले, काही जमेना. दुपारी शेठ दारात येऊन उभा, त्याच्या आईला घेऊन निघायचं म्हणून घाई करतोय. मी मीटर उघडलं, बल्ब काढला, मीटर बंद केलं. दिवा विझलेला बघून तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत. ती थाप मला अजून टोचते.

आपल्या गॅरेजची रीतच होती. गाडीतून जे निघेल ते, अगदी वाकडा वॉशरसुद्धा, गोणीत भरून मालकाच्या डिकीत जायचं. गाडी गेल्यावर फ्यूज शोधायला तुम्ही माझ्या मल्टिमीटरची पेटी उघडलीत आणि तो बल्ब हातात धरून उभे राहिलात.

"हा गोणीत का नाही?"

"मीटर साफ करताना काढला होता, लावायचा राहिला," मी म्हणाले. दिवा खरंच विझला असंच मला वाटलं, हेही वर जोडलं.

तुमचा चेहरा उतरला. ब्रेकचं तेल कमी झालं तरी तोच दिवा पेटायचा. गाडीचं इंग्रजी पुस्तक मीच तर तुम्हाला वाचून दाखवलं होतं. शेठ बदलापूरला शिरगावात बहिणीकडे जाऊन तिथून सगळ्यांना बारवी धरणाकडे नेणार होता. तुम्ही स्कूटर काढलीत. मी मागे बसलेय, अंबरनाथ मागे पडलं, आणि मी प्रत्येक वळणावर खड्ड्यात पांढरी गाडी दिसते का बघतेय.

शिरगावात गाडी बिल्डिंगखालीच उभी होती. शेठची म्हातारी आई मांडीवर डबा घेऊन मागच्या सीटवर बसलेली. तुम्ही सरळ शेठसमोर गेलात.

"शेठ, गलती मेरी है. बल्ब मेरे से रह गया."

शेठ भडकला. मेरी माँ बैठी है इसमें, म्हणाला, आणि पुढे बरंच काही. तुम्ही मान खाली घालून ऐकत होतात. मी तोंड उघडलं तर तुम्ही माझं मनगट घट्ट धरलंत. मग त्याच्या देखत बल्ब लावलात, दिवा पेटला. ब्रेकचं तेल उघडून दाखवलंत, भरलेलं होतं. दिवा नीट होईपर्यंत ते रोज बघायचं, असं त्याला बजावलंत. आणि शेवटी म्हणालात, "ये मेरी बेटी है. बत्ती यही ठीक करेगी."

ती मी केली. पुढच्या आठवड्यात मोटरींच्या जागी रेझिस्टर जोडले, मोटरी आहेतच असं समजून कॉम्प्युटर फसला, दिवा विझला. ब्रेकच्या तेलाच्या टाकीतला तरंगा, तेल कमी झाल्यावर जातो तसा, खाली दाबून बघितला, तर पुन्हा पेटला. तुम्ही नाक्यावर ज्याला त्याला सांगत सुटलात, पोरीनं केलं म्हणून. तेच लोक मग गाड्या घेऊन यायला लागले. आज पाटीवर माझं नाव आहे ते त्यामुळे. त्या दिवशी माझं नाव पुढे आलं असतं तर मला कुणी गाडीला हात लावू दिला नसता, हे तुम्हाला ठाऊक होतं. म्हणून तुम्ही, आयुष्यात खोटं न बोललेला माणूस, माझ्यासाठी बोललात.

पण तुम्ही पोरीच्या विसरण्यावर पांघरूण घातलंत. माझं खोटं दुसऱ्या कुणासाठी होतं, मला तेवढंही म्हणायची सोय नाही.

बल्ब राहिला नव्हता, बाबा. मी काढून लपवला होता.