पेपरावरचं पहिलं नाव

प्रिय मेघाबाई,

आजीचा जय भीम आणि गालाचा मुका. अक्षर वेडंवाकडं आहे, चौथीच्या पुढं शाळा नाय माझी, पण कुणाकडून लिहून घेतलं नाय. गुडघ्याचं तेल पुण्याहून पोचलं. अर्धं शेजारच्या सरूबाईनंच चोळून संपवलं, म्हणते नातीचं तेल लई गुणाचं.

बातमी आनंदाची. तुझा मामेभाऊ सम्यक विद्यापीठात पक्का प्राध्यापक झाला. विहारात सत्कार ठेवला होता. मी पांढरं लुगडं नेसून पुढच्याच खुर्चीत. पाहुण्यांनी माईकवर सांगितलं, हरभऱ्याच्या मर रोगावरच्या पेपराचा दाखला बाहेरच्या देशातले शास्त्रज्ञ देतात, त्याच जोरावर ही नोकरी मिळाली. ते लोक कसं लिहितात तेही वाचून दाखवलं, ‘खरात आणि इतर’. आमचं आडनाव ऐकून मी हात दुखेस्तोवर टाळ्या वाजवल्या.

रिक्षात मी सहज विचारलं, इतर म्हणजे कोण रे?  बाहेर बघतच तो म्हणाला, “आपली मेघा गं, आजी.”

पोरी, पेढा तोंडातच राहिला. कन्नड तालुक्यातल्या शिवारातली माती पिशव्या भरभरून तू आणलीस. चिखलाचे बूट माझ्या न्हाणीत धुतलेस म्हणून मी ओरडले होते. रोग हटवणारे ते बारीक जंतू तुलाच सापडले. सम्यकनं आकडेमोड केली, तीही मेहनतच. पण नाव कुणाचं वर, यावरून तुम्ही दोघं माझ्यापुढं तंडत बसलात, तेव्हा निकाल मी दिला. मला वाटलं, लग्नपत्रिकेत थोरल्याचं नाव वर असतं, तसंच हे. धाकटीचं खाली आलं तर काय बिघडतं? तू गप झालीस, आणि पोरगी ऐकणारी आहे म्हणून मी सुखावले. माझं जाऊ दे, पहिल्या नावावरच नोकरी मिळते हे मला कळत नव्हतं. सम्यकला कळत होतं, तरी तोही गप बसला. रिक्षातच मी त्याला बोलले. पण मागच्या महिन्यात नोकरीच्या मुलाखतीतून तुला परत पाठवलं, तेव्हा अजून अभ्यास कर म्हणणारी मीच की.  खोटं कशाला सांगू, त्याच्या गळ्यातला हार बघून आनंदही होतो, आणि लगेच त्या आनंदाची लाज वाटते.

आज सम्यकनं सांगितलं, दुसरा पेपर तयार आहे, धाडायचा राहिलाय. सगळं काम तुझं, आणि तरी तू त्याचंच नाव वर टाकलंस. त्यानं विचारलं तर म्हणालीस, आजीचा शब्द आहे. म्हणून हे पत्र. फोनवर सांगितलं असतं तर ‘व्हय आजी, व्हय’ करून तू सोडून दिलं असतंस. तर कागदावर सांगते, माझा शब्द मी परत घेतला. आधी तुझं नाव वर टाक, मग पेपर धाड. सम्यकनं मान हलवलीय. नसती हलवली, तरी हेच लिहिलं असतं.

तुझीच,
मनकर्णाआजी