वैशालीचा कयास

रविवार, संध्याकाळ

अजून जळतंय आतून. वेरूळला गाइड म्हणून बावीस वर्षं झाली मला, आणि आज जेमतेम दोन वर्षं झालेल्या वैशालीनं...

अर्धवट कोरलेल्या हत्तीपाशी मी पुण्याच्या शिक्षिकांना नेहमीचंच सांगत होतो, की कारागीर मेला म्हणून काम तसंच राहिलं. एका बाईंनी विचारलं, "पुरावा आहे का?" शेजारीच वैशाली उभी होती. ती म्हणाली, "मॅडम, हे स्पेक्युलेशन आहे. म्हणजे कयास. शक्य आहे, पण खात्री नाय. काका गोष्ट मात्र लई छान सांगतात."

कयास! माझ्या वडलांच्या तोंडातला शब्द. मला का नाही सुचला? आणि बायांनी फोन नंबर घेतला तो तिचा.

मग टपरीवर चहा पिताना मी रफिकभाईला म्हणालो, "तिचा मामा हॉटेलात मॅनेजर असणार, म्हणून तिला गिऱ्हाइकं मिळतात." रफिकभाई माझ्याच बरोबरीचा गाइड. त्यानं विचारलं, "तुला कुणी सांगितलं?" कुणीच नाही. मीच मनानं जोडलं होतं. ह्याला काय म्हणतात ते सकाळीच कळलं होतं, पण तिचा शब्द माझ्या तोंडून निघेना.

निघताना वैशाली धावत आली. "काका, उद्या माझ्याकडं दोन ग्रुप आहेत. एक तुम्ही घ्या ना."

घेतला. आभार मानायला तोंड उघडलं आणि म्हणालो, "वेळेवर पाठव."