वरच्या ओळीत यजमान

२० जुलै, रविवार

पोहोचलो एकदाचा! लोधीखेडा ते सौंसर ऑटो, सौंसर ते पांढुर्णा बस, मग जाम नदीचा पूल पायी. पूल संपला की सावरगाव, अन् सावरगावच्या पार टोकाला संत्र्याचा बगिचा. बगिच्याच्या मधात हिरामण सरांचं घर. टाइल्स, कूलर, सगळं आहे. अन् मला वेगळी खोली! आतापर्यंत नऊ कामं केली, सुरतेला साड्यांच्या गोदामात, बैतूलला ढाब्यावर, नागपुरात पार्सल वाटायचं, पण स्वतःची खोली पहिल्यांदाच भेटली. खाटेखाली कोणाच्या तरी चपला आहेत. माझ्याआधी कामाला बोरगावचा श्रावण होता, त्याच्या. चपला सोडून कसा गेला देव जाणे.

ही वही माझ्या बहिणीनं दिली. करुणा म्हणाली, दादा, तू कुठं राहतो, काय खातो, आम्हाले काही समजत नाही, लिहीत तरी जाय. तिचं लग्न ३१ ऑगस्टला आहे, लोधीखेड्याच्या विहारात. आमच्यात मुहूर्त पाहत नाहीत, रविवार पाहतात. बाबा नाहीत, तर बाजूला उभं राहायला मीच. तिनं निक्षून सांगितलं, तू आला नाहीस तर मी हार घालत नाही, तसाच हातात धरून बसीन. बसेल पण. लहानपणी एकदा माझ्यासाठी दिवसभर शाळेच्या फाटकावर बसली होती.

शिवाय पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथली गोटमार. नदीच्या मधात पळसाचं झाड रोवतात, त्यावरच्या झेंड्यासाठी इकडून सावरगाववाले अन् तिकडून पांढुर्णावाले गोटे मारतात. इतक्या जवळचा असून मी कधी पाहिली नाही. खरं सांगायचं तर हे काम त्याच्यासाठीच धरलं.

सर आधी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. आता अळ्या पाळतात. मी बारावी दोनदा नापास आहे हे सांगितलं, त्याचं त्यांना काही नाही. विचारलं काय, तर घरी कोण आहे, अन् एका जागी किती दिवस टिकतोस. मी म्हटलं, महिना. सर हसले, म्हणाले, फिरता माणूसच पाहिजे होता.

२३ जुलै, बुधवार

काम सोपं आहे. मोठ्या खोलीत फळ्यांवर दोनशेच्या वर बरण्या. एका बरणीत एक अळी, एक पान, तोंडाला फडकं. संत्र्याच्या अळ्या बगिच्यातल्याच. लहान असते तेव्हा अशी दिसते की पाखरानं शिटलं आहे, मोठी झाली की हिरवीगार. बोंडअळ्या सावरगावच्या कपाशीतल्या.

पण सरांना अळी नको असते, अळीतून निघते ती माशी पाहिजे असते. गांधीलमाशी म्हटलं की मला छताला लटकलेलं पोळं आठवते. ही तशी नाही. ही घर बांधत नाही, जिवंत अळीलाच घर करते. बारीक सुईनं अळीच्या आत अंडी घालते, अन् पिलं आतून खात मोठी होतात. आकारानं मुंगीपेक्षा थोडी मोठी. भिंगाखाली पंख पाहायचा, एका ठरलेल्या जागी शीर असली तर एक कूळ, नसली तर दुसरं. इथपर्यंत मला जमते. पुढं सगळ्या सारख्याच दिसतात. सर म्हणतात, डोळ्यावर जाऊ नको, कोणातून निघाली त्यावरून जात ठरव. मी म्हटलं, आपल्या गावासारखंच, पहिले विचारतात कोणाच्या घरचा. सर हसले नाहीत.

म्हणून चिठ्ठी महत्त्वाची. वरच्या ओळीत यजमान, म्हणजे ज्याच्यातून निघाली ती अळी. दुसऱ्या ओळीत ती काय खाते. तिसरीत कुठून, केव्हा आणली. चौथीत किती निघाल्या. सगळ्यात खाली बारीक अक्षरात, कोणी पकडली. वरच्या ओळीत कधी चूक करायची नाही, हे सरांनी तीनदा सांगितलं.

स्वयंपाकाला शकुबाई येते, सावरगावचीच. ओसरीच्या आत पाय टाकत नाही. चूलही बाहेरच्या पडवीत. मला पाहून म्हणाली, लोधीखेड्याचा हायेस ना, मंग पंधरा दिवसांत पयून जाशीन. मी म्हटलं, पैज लाव मावशी. तिनं लावली नाही.

२८ जुलै, सोमवार

पाऊस. सर दुपारभर बोलत होते. पहिल्या काळच्या माश्या आडदांड होत्या म्हणे, अळीला डंख मारून जागीच लुळी करायच्या अन् खायच्या. मग काही शहाण्या निघाल्या. अळीला चालू द्या, खाऊ द्या, वाढू द्या. ती जितकी वाढेल तितकं आपल्या पिलांना. पण अंगात परकं काही गेलं की अळीचं रक्त त्याच्यावर धावते. त्याचीही सोय झाली. दहा कोटी वर्षांखाली कोण्या एका माशीच्या अंगात विषाणू शिरला, तो कायमचा तिच्याच खानदानाचा होऊन बसला. आता ती अंड्यासंगं तोही टोचते, अन् अळीचं रक्त परक्याला ओळखतच नाही.

नंतर एक बरणी दाखवली. अळीच्या कातड्यातून पिलं बाहेर पडलेली, तिच्या बाजूलाच तांदळासारखे पांढरे कोश विणलेले. अळी जिवंत! खात नव्हती, जात नव्हती. सरांनी काडी जवळ नेली तर अशी मान झटकली की काडीच उडाली. ज्यांनी तिला खाल्लं त्यांचीच राखण करते. अंगात म्हणे एक-दोन पिलं मागं राहतात, तीच तिला हलवतात.

मी विचारलं, माशी आपली अळी सोडून दुसऱ्यात जाते का कधी? सर म्हणाले, नवी फांदी फुटते ती तशीच फुटते.

सरांच्या शर्टाचं वरचं बटण नेहमी लावलेलं असते. या गरमीत. मनात आलं म्हणून लिहिलं.

२ ऑगस्ट, शनिवार

आज एक वेंधळेपणा झाला. मागं जाळीची खोली आहे, तिथं जिवंत माश्या सोडलेल्या असतात. नियम असा की गळ्याला दुपट्टा घट्ट गुंडाळूनच आत जायचं. मी गेलो, तेवढ्यात बाहेर रस्त्यावरून कोणी पोळ्यासाठी घंटा-झुली घेऊन चाललं होतं, ते पाहायला जाळीला तोंड लावून उभा राहिलो. घाम आला म्हणून दुपट्टा सोडला, त्यानं बरण्या पुसल्या. मानेला मागून सुई टोचल्यासारखं झालं. झटकलं, बस.

पण सर दारात उभे होते. रागावतील वाटलं. रागावले नाहीत. घड्याळात पाहिलं, खिशातून पेन काढला अन् काहीतरी लिहिलं.

काय लिहिलं असेल?

७ ऑगस्ट, गुरुवार

मानेवर चण्याएवढी गाठ. दुखत नाही.

आज सर झोपले असताना जुन्या माश्यांचं कपाट पुसत होतो. खालच्या खणात थोड्या मोठ्या माश्या टाचलेल्या, काळ्या, पाय तांबडे. चिठ्ठीवर वरच्या ओळीत: श्रावण, बोरगाव. खाद्य: ज्वारीची भाकर, संत्री. आणला: १२ मार्च. निघाल्या: ४१. खाली: हिरामण.

मला हसूच आलं. मला तीन-तीनदा सांगतात, अन् स्वतःच पकडणाऱ्याचं नाव यजमानाच्या जागी टाकलं. चहाच्या टाइमाला सांगितलं, सर, एक चिठ्ठी उलटी झाली आहे तुमची. सर म्हणाले, माझी चिठ्ठी कधी उलटी होत नाही.

मग म्हणाले, आज जेवण कमी केलंस का?

१४ ऑगस्ट, गुरुवार

जेवण जात नाही. मला शकुबाईचाच संशय येऊन राहिला. ही स्वतः इथं घोटभर पाणी पीत नाही, मला मात्र वाढते. आज म्हणाली, काहून रे, माह्या भाकरीत माती हाय का? श्रावणबी असाच नाही म्हणे जेवाले. मंग भिंतीपाशी बसून राहे अन् जवळ गेलं की वसकन अंगावर ये. घरी गेला नाही अन् इथंबी दिसला नाही. तुह्यी बहीण हाय ना, तिच्याकडं जाय, आजच्या आज.

करुणाचा नंबर मागून घेतला तिनं. मी दिला, मग पस्तावलो. तिला कोणाला तरी माझ्या जागी लावायचं असेल, म्हणून मला हाकलून राहिली. सरांना सांगितलं. सर नुसते माझ्या मानेकडं पाहत होते.

पंचवीस दिवस झाले. एवढ्यात पाय शिवशिवायला पाहिजे होते. शिवशिवत नाहीत. बरं वाटते इथं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

करुणाचा फोन आला. शेरवानी घेऊन ठेवली म्हणे तिनं, तूरडाळीच्या रंगाची. मी म्हटलं, येतो. फोन वाजला की बरण्या थरथरतात. बंद करून ठेवला.

सर गेली नऊ वर्षं जामच्या पलीकडं गेले नाहीत, हे आज समजलं. पांढुर्णा दहा मिनिटांवर आहे.

नदीवर गेलो होतो. येताना दोन्ही खिसे भरून गोटे आणले. काहून आणले?

२३ ऑगस्ट, शनिवार

गोटमार. सकाळपासून नदीकडून आरडाओरडा, ढोल. गच्चीवर गेलो असतो तर दिसलं असतं. ज्याच्यासाठी आलो तेच—

गेलो नाही. बरण्यांच्या खोलीच्या दारात बसून होतो. उठावं असं वाटलंच नाही. शकुबाई ताट घेऊन ओसरी चढली, पहिल्यांदाच. म्हणाली, उठ पोरा, मी सोडते तुले बसस्टँडवर. मी मान झटकली. मग गोटा मारला. तिच्या कपाळातून रक्त आलं.

मी मारला. पण मी ठरवलं नव्हतं. हे लिहून ठेवतो, कोणी वाचलं तर— मी ठरवलं नव्हतं.

२६ ऑगस्ट, मंगळवार

शकुबाई येत नाही.

सर खुर्चीत बसून आहेत, कालपासून. बोलत नाहीत. जवळ गेलो की मान तेवढी डावी-उजवी. बटण उघडं होतं. मानेवर बारीक भोकं, जुनी, सुकलेली. वीस— तीस—

म्हणजे श्रावणच्या आधी सर.

आता समजलं. चिठ्ठी उलटी नव्हती.

२७ ऑगस्ट, बुधवार

निघायचं ठरवलं. बॅग भरली. फाटकापर्यंत गेलो. पाय थांबले. कोणी धरलं नव्हतं. परत येऊन दारात बसलो तर पोटातून असं सुख—

सरांच्या खिशात चिठ्ठी होती. यजमान: आशिष, लोधीखेडा. खाद्य: भाकर, संत्री. आणला: २० जुलै. त्याच्या बाजूला, टोचली: २ ऑगस्ट, दुपारी ३ वाजून १० मिनिटं. निघाल्या: ती जागा कोरी.

२९ ऑगस्ट

फोन चालू केला. करुणाला सांगायचं होतं, येऊ नको. आवाज निघाला नाही. ती हॅलो दादा हॅलो करत राहिली. मग रडली. म्हणाली, कोणी शकुबाई आहे, तिनं मला सगळं सांगितलं, मी—

फोन नदीकडं फेकला. मी फेकला?

सर गेले. खुर्चीतच. वजन काहीच नव्हतं. फडक्यासारखे.

३० ऑगस्ट

खांद्याच्या खाली हालचाल. कातडीच्या आतून. भीती वाटायला पाहिजे—

उद्या लग्न.

३१, रविवार

सकाळी निघाल्या. दुखलं नाही. मानेपासून, पाठीतून. भिंतीवर पांढरे कोश विणून राहिल्या, तांदळासारखे. चिठ्ठी मीच भरली. निघाल्या: ३७. सरांचं नाव खाली. वरच्या ओळीत चूक नाही.

बगिच्यात पानं वाजली. दोघी आहेत. मागं शकुबाई, कपाळाला पट्टी. पुढं पांढरी साडी. हातात हार. तसाच धरून आली, लोधीखेड्याहून इथपर्यंत. घातला नाही. म्हणाली होती.

करुणे, मी येणारच होतो. फाटकापाशीच थांब. तिथून बोल. मान हलते ती मी हलवत नाही— धावू नको, बाई, तू धावलीस की ते अंगात— उजव्या हातात गोटा आहे, डाव्यानं लिहून राहिलो, डावा अजून माझं ऐकते, उजवा वर—

करुणे, मागं फि