लातूरचे पोहणारे

लातूर,
सोमवार

प्रिय शेषेराव,

आधी बातमी. शिवांगीला नोकरी लागली! कॉलेजात कंपन्या आल्या होत्या. त्यातल्या पुण्याच्या एका माल पोहोचवणाऱ्या कंपनीनं एकशे चाळीस पोरांतून चौघं निवडली आणि त्यांत पहिलं नाव माझ्या लेकीचं. तिचा फोन आला तेव्हा मी झेरॉक्सचं मशीन चालूच ठेवून रस्त्यावर धावलो आणि समोरच्या मेडिकलवाल्याला मिठी मारली. त्याच्याशी मी दोन वर्षं बोलत नव्हतो. आमच्या नागम्मानं गल्लीभर पेढे वाटले आणि दारोदार सांगत सुटली, "आमची नात सायबीण झाली बघा!" म्हातारीचे गुडघे दुखतात म्हणे. काल काही दुखत नव्हते.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि आजचं सांगणं अर्धवट राहून चालणार नाही. तेव्हा केळीच्या बागेत सावली बघून बस आणि शेवटपर्यंत वाच.

माझं दुकान बायोडाटावर चालतं हे तुला ठाऊकच आहे. पोरं येतात, मार्कमेमो काउंटरवर टाकतात आणि म्हणतात, "काका, लवकर करा न, अर्ध्या तासात इंटरव्ह्यू हाय." मी विचारतो, हॉबीज काय लिहू? "काय बी टाका." मग मी फाइलमध्ये आधीपासून जे आहे तेच राहू देतो. आणि फाइलमध्ये काय आहे माहीत आहे? 'स्विमिंग'. कारण ती फाइल तुझी आहे, शेषा! बी.कॉम.चा निकाल लागल्यावर तू सांगत होतास आणि मी टाइप करत होतो, तीच. तुझं ते लिहिणं रास्तच होतं. बारावीला नांदेडला मामाकडे असताना तू गोवर्धन घाटावरून उडी मारून गोदावरी पार करायचास. पण त्याच फाइलच्या नकलेवर मी चोवीस वर्षं नुसती नावं बदलत आलो. जिथं नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी यायचं, त्या आमच्या गावात कागदावर पोहणारी हजारो पोरं मी तयार केली. आणि एवढ्या वर्षांत एकाही साहेबानं त्यांना विचारलं नाही.

शिवांगीची तयारी मात्र मी महिनाभर करून घेतली. मी लॅमिनेशनच्या मशीनमागे साहेब होऊन बसायचो आणि ती स्टुलावर. 'हो'च्या जागी 'हाव' म्हणाली की एक उठाबशी. सध्या काय करता विचारलं की म्हणायची, "शिकून राहिले, सर." मी ओरडायचो, शिकते आहे म्हण! तिनं सगळं पाठ केलं. हात कसा मिळवायचा, फाइल कुठं धरायची, आपली उणीव विचारली तर कोणती सांगायची. एक गोष्ट तर मी तिच्या डोक्यात ठोकून बसवली होती, की कागदावर जे छापलंय ते शेवटपर्यंत सोडायचं नाही. आणि ऐन दिवशी काय झालं, सकाळी लाइट जायच्या आत उरकायचं म्हणून तिचा बायोडाटा मी घाईघाईत काढला. परक्या पोरांचे कागद दोनदा तपासणाऱ्या मी घरच्या पोरीचा एकदाही वाचला नाही.

समोर एक मॅडम होत्या. त्यांनी कागद खालून वर वाचायला घेतला. "लातूरची आणि स्विमिंग? कुठं पोहतेस ग?" शिवांगी म्हणते, अप्पा, तुमचे सगळे धडे आठवले. पण तिनं कागद बघितला आणि सरळ सांगितलं, "मॅडम, मला पोहता येत नाही. वडिलांच्या दुकानातल्या फाइलमधून ते चुकून आलंय. मी न वाचताच आणलं." मॅडम म्हणाल्या, "म्हणजे पाण्याशी तुझा काहीच संबंध नाही?" आणि माझ्या सगळ्या उठाबशा वाया घालवून ही म्हणाली, "हाव, हाय की, मॅडम!"

मग तिनं त्या उन्हाळ्याचं सांगितलं, ज्या वर्षी आपल्याकडे रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. तेव्हा ती अकरा वर्षांची. टँकर आला की गल्लीत भांडणं, घागरी फुटायच्या, बायका रडायच्या. हिनं शाळेतून खडू आणला आणि प्रत्येक घागरीवर नंबर टाकला. म्हाताऱ्या आणि बाळंतिणी पुढे, धट्टेकट्टे मागे. यादी देवळाच्या भिंतीवर. मोठी माणसं आधी हसली, मग त्या यादीप्रमाणे उभी राहायला लागली, मी धरून. मॅडमनी विचारलं, "आणि टँकर मध्येच संपला तर?" ही म्हणाली, "तर दुसऱ्या दिवशी थांबला तिथून पुढं. नव्यानं सुरू केलं की मागच्याला कधीच पाणी मिळत नाही." मॅडमनी पेन खाली ठेवलं म्हणे. आमच्या गोदामांत हेच तर करायचं असतं, म्हणाल्या. शेषा, मला त्या क्षणी तिथं खिडकीला तरी लटकून असायला हवं होतं!

घरी आल्यावर तिनं विचारलं, "अप्पा, ही स्विमिंग मुळात कुणाची?" मी तुझं नाव सांगितलं, आणि त्या नावामागून बाकीचं सगळं आपोआप बाहेर आलं. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "हे मला सांगून काय उपयोग? काकांना सांगा."

तर सांगतो. तुझी फाइल झाल्यावर दहाच मिनिटांत मी तिची नक्कल काढून तिच्यावर माझं नाव घातलं होतं. लातूरचा पहिला खोटा पोहणारा मी. नांदेडला वजिराबादच्या त्या ऑफिसात माझा इंटरव्ह्यू होता आणि तू बाहेर चहाच्या गाड्यावर माझी वाट बघत होतास. साहेबांनी विचारलं, पोहता का? हाव, म्हणालो. कुठं? गोदावरीत. साहेब नांदेडचेच निघाले. त्यांनी घाट विचारला, धार कुठं ओढते ते विचारलं, आणि मी तोंडाला येईल ते बोललो. त्यांनी माझा कागद हळूच परत सरकवला. जागा आधीच भरल्यात, नुसतं नाटक करून राहिलेत, हे बाहेर येऊन मी तुला सांगितलं ते साफ खोटं होतं. तू माझ्यासाठी त्यांना तुझ्या गावच्या अस्सल अर्धापुरी शिव्या घातल्यास, स्वतःचा बायोडाटा तिथंच टराटरा फाडलास आणि अर्धापूरची गाडी धरलीस. तुझा इंटरव्ह्यू दुसऱ्या दिवशी होता, शेषा. तेच साहेब, तोच प्रश्न. तू त्यांना जेवणाच्या सुट्टीपर्यंत नदी सांगत बसला असतास. तू बाग उभी केलीस, नाव कमावलंस, सगळं खरं. पण तुझी ती सकाळ मी खाल्ली, आणि मला त्याची फार लाज वाटते. दर पोराच्या कागदावर तो शब्द दिसायचा आणि मी नजर फिरवून प्रिंट काढायचो.

आजपासून पोरगं स्टुलावर बसून स्वतःची एक तरी खरी गोष्ट सांगत नाही, तोवर मी टाइप करत नाही. सकाळपासून सहा झाले. एकाला भिंगरी बनवता येते, एक पोरगी आजोबांना रोज पेपर वाचून दाखवते. तुझी मूळ फाइल तेवढी मी हात न लावता वेगळी ठेवली आहे, तुझ्या नावासकट. तिची प्रिंट घेऊन मी रविवारी सकाळच्या गाडीनं नांदेडला येतो. तू गोवर्धन घाटावर ये. चोवीस वर्षांचा राग आला असेल तर मला खुशाल पाण्यात ढकल. फक्त आधी पोहायला शिकव.

तुझाच,
काठावरचा गुरुलिंग