पुठ्ठा, कागद, सुतळी आणि इतर

२ मार्च

पुठ्ठ्याचं वजन कळवा म्हणे! कपांचं नाही — कप ज्यात बांधून पाठवले त्या पुठ्ठ्याचं, कागदाचं, सुतळीचं. गेल्या अख्ख्या वर्षाचं, वेगवेगळं.

ज्या वेबसाइटवर आपण आईचे कप विकतो तिचं ईमेल आलंय. परदेशातली आपली बहुतेक गिऱ्हाइकं एकाच देशातली, आणि तिथला हा कायदा. पार्सल उघडलं की पॅकिंगचा कचरा त्यांच्याकडे होतो. तर ज्यानं तो पाठवला त्यानं तिथं नोंदणी करायची आणि त्या कचऱ्याच्या पुनर्वापराचा आपला वाटा उचलायचा. कारखाना असो नाहीतर आमच्यासारखं मागच्या खोलीतलं दुकान, सगळ्यांना सारखंच. एकतीस मार्चच्या आत अर्ज गेला नाही, तर तिथली विक्री बंद.

दोनदा वाचलं. काही वाटलं नाही. डिसेंबरपासून हे असंच. काहीही वाचा, काहीही ऐका, मी आपली ढिम्म.

बाबा मागच्या खोलीत पार्सल बांधत होते. त्यांना सांगितलं. "बरं," म्हणाले.

३ मार्च

असले अर्ज भरून देणाऱ्या सल्लागाराला फोन केला. तोंडाचा पट्टा सुरू झाला तो थांबेचना. पुठ्ठा वेगळा, कागद वेगळा, प्लास्टिक वेगळं, लाकूड वेगळं, उरलं ते 'इतर'. मी विचारलं, सुतळी? त्यानं बराच कीस काढला आणि 'इतर'मधे टाकली. "मॅडम, एकच लक्षात ठेवा. गिऱ्हाईक जे फेकून देतं ते पॅकिंग. जे ठेवतं तो माल."

शिवाय डब्यात रिकामी जागा फार नको. तेही बघतात म्हणे.

बाबांना हे सांगितलं तर पहिल्यांदाच त्यांनी मान वर केली. "आपल्या डब्यात रिकामी जागा? टाचणी जायची नाही!" चौतीस वर्षं पोस्टाच्या पार्सल विभागात काढलेला माणूस. असल्या शंकेनं अपमान होतो त्यांचा.

४ मार्च

काही नाही. दुकानात गर्दी. (दुकान म्हणजे माझी नोकरी — चष्म्यांचं. आईचे कप हे घरचं.) एका बाईंना सात फ्रेमी दाखवल्या. आठवी त्यांच्या डोळ्यावर होती तीच बरी म्हणाल्या.

७ मार्च

रविवार नाही, तरी सुट्टी घेऊन फडताळ आवरलं. उरलेले कप मोजायचे होते. फडताळाच्या आतल्या बाजूला आईनं खडूनं लिहून ठेवलंय, शेवटच्या भट्टीनंतर — ६४. तिची मोजणी कधी चुकायची नाही. माती तराजूवर तोलून घ्यायची, म्हणून कपही सगळे तीनशे दहा ग्रॅमचे, दोन-चार ग्रॅम इकडे तिकडे. जानेवारीत वेबसाइटवरचं आपलं दुकान बंद ठेवलं होतं. फेब्रुवारीत मीच पुन्हा उघडलं. म्हटलं, विकून टाकू, पडून काय करायचेत. बाबा हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

आतापर्यंत चौदा गेले. मग पन्नास हवेत. एकोणपन्नासच आहेत.

"एक कमी आहे बाबा."

"फुटला असेल."

चौतीस वर्षांत यांच्या हातून एक वस्तू फुटली नाही असं आई सांगायची. पण विचारत बसले नाही.

१० मार्च

बाबांचं रजिस्टर मिळालं आणि माझं अर्धं घोडं गंगेत न्हालं! निवृत्त झाले तरी सवय जात नाही. प्रत्येक पार्सलची एक ओळ. पुठ्ठा १४०, कागद ६०, सुतळी ६, माल ३१०. टेपला ते हात लावत नाहीत, म्हणून प्लास्टिक शून्य. गेल्या वर्षी त्या देशात एकशे अठरा पार्सलं. पॅकिंगचे चोवीस किलो तीनशे आठ ग्रॅम. सल्लागार म्हणाला, "एवढा व्यवस्थित हिशोब मोठ्या कंपन्या देत नाहीत हो."

यंदाचा अंदाजही मागितलाय. गेल्या वर्षीचाच आकडा ठेवला. यंदाची पानं कोण चाळत बसणार.

अर्ज भरताना बरं वाटतं. चौकोन असतात, त्यात आकडे घालायचे. आई गेली त्या आठवड्यातही मी हेच करत होते — दवाखान्याचे कागद, बँकेचे कागद, दाखला. सगळे म्हणत होते पोर किती धीराची. धीर कसला! आत काही हलतच नव्हतं.

१३ मार्च

मावशी आली. आईची धाकटी बहीण, आल्या-आल्या घराचा ताबा घेते. माझ्याकडे बघून म्हणाली, "रडलीस का गं एकदा तरी?" मी म्हटलं, वेळ नाही मिळाला. तिला वाटलं मी थट्टा करतेय. थोडी करतच होते.

आईचं कपाट आवरायला आली होती. उघडलं तर रिकामं. हँगर तेवढे लटकतायत!

"कपडे कुठं गेले?"

"दिले," बाबा म्हणाले.

"कुणाला? तो निळा स्वेटर मला हवा होता, मी सांगितलं होतं तुम्हाला!"

बाबा उठून मागच्या खोलीत गेले. मावशी माझ्यावर उखडली. मी काय करू? मलाही माहीत नव्हतं. जाताना मावशी दारात थांबून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, जसा दुसऱ्याच्या मांजरावरून फिरवतात तसा. मला लाज वाटली त्याची.

१५ मार्च

नवीन फर्मान. प्रत्येक वस्तू कचऱ्याच्या कुठल्या डब्यात टाकायची त्याची खूण पॅकिंगवर हवी. म्हटलं, छापील चिकटपट्ट्या मागवू. बाबा म्हणाले, "शिक्का करून आणतो."

१६ मार्च

आणला. स्वतः जाऊन, शिक्केवाल्याच्या डोक्यावर बसून. संध्याकाळभर मागच्या खोलीतून आवाज — धप्प, धप्प. शाई, पुठ्ठा, शाई, पुठ्ठा. बऱ्याच महिन्यांनी घरात कसला तरी आवाज झाला. मी ओट्याशी उभी राहून ऐकत होते. भाजी करपली.

१८ मार्च

कागदाची गुंडाळी संपली! सात किलोची. गेल्या वर्षी एक गुंडाळी सगळ्या वर्षाला पुरली. यंदा एकोणीस पार्सलांत खलास.

"बाबा, एवढा कागद कशाला? पॅकिंग कमी करा म्हणून तिकडचे ओरडतायत. त्याचसाठी तर हे सगळं चाललंय!"

"वजन बरोबर आहे ना?"

"वजनाचं नाही म्हणत मी —"

"लेबलवर पाचशेसोळा लिहितेस. पोस्टात काट्यावर पाचशेसोळाच भरतं. मग झालं तर."

आणि पाठ केली. हट्टीपणा! आई असती तर दोन वाक्यांत सरळ केलं असतं तिनं त्यांना. मी गुंडाळी मागवली. वाद घालायलाही अंगात काहीतरी लागतं.

२४ मार्च

अर्ज पाठवला. सात दिवस आधी. सल्लागार म्हणाला, "अभिनंदन मॅडम." मला वाटलं होतं आज जरा हायसं वाटेल. दात घासले आणि झोपले.

२९ मार्च

तेविसावं पार्सल गेलं. बाबा ते दोन्ही हातांनी धरून पोस्टात नेतात, पिशवीत घालत नाहीत. मी सोबत गेले होते. खिडकीवरचा माणूस अजून त्यांना साहेब म्हणतो. "साहेब, तुमचं पार्सल बघून आमच्या नव्या पोरांना शिकवतो, असं बांधायचं म्हणून." बाबा हसले नाहीत. खाली बघत राहिले.

४ एप्रिल

तिकडून एका बाईंचं ईमेल. आपली पार्सलं स्वस्तातल्या मार्गानं जातात, सात-सात आठवडे लागतात. फेब्रुवारीच्या मध्यात पाठवलेलं आता पोचलं. लिहितात — इतकं सुंदर बांधलेलं पार्सल मी कधी पाहिलं नाही. एकेक थर सोडवत गेले. आत काहीच नव्हतं.

चोरी! वाटेत कुणीतरी हात मारला. त्यांना माफीचं लिहिलं. बाबांना सांगितलं नाही, उगीच जिवाला लावून घेतील.

८ एप्रिल

आणखी दोघांचं. तेच. आत काहीच नाही. एकानं फोटो पाठवलाय — सुतळीची गाठ शाबूत. ती गाठ बाबांशिवाय कुणाला येत नाही. चोरानं तशीच पुन्हा मारली, असं कसं होईल?

९ एप्रिल

सकाळी रजिस्टर उघडलं. यंदाचं पान. पहिल्यांदाच.

पुठ्ठा १४०. कागद ३७०. सुतळी ६. एकूण वजन तेच, ग्रॅमचा फरक नाही. आणि 'माल'च्या रकान्यात आकडा नाही. तिथं एकच शब्द, तेवीस ओळींत तेवीस वेळा, त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात — शिल्लक.

कपाच्या वजनाचा कागद भरत होते! काट्यावर कमी पडू नये म्हणून. आणि नोंदीत मात्र खोटं लिहिता आलं नाही. मी ते पान उघडलं असतं तर महिन्यापूर्वीच कळलं असतं. मी गेल्या वर्षीचा आकडा चिकटवून मोकळी झाले होते.

बाबा समोर चहा घेत होते. रजिस्टर त्यांच्यापुढे ठेवलं. मला रागवायचं होतं. तेवीस माणसांना आपण रिकामे डबे पाठवलेत, एवढंच बोलले, तेही सपाट आवाजात.

त्यांनी रजिस्टर मिटलं. मग म्हणाले, "बांधायला घ्यायचो. हातातून सुटायचाच नाही गं."

"मग मला सांगायचं ना."

"तुला काय सांगू? तू विकून टाकू म्हणालीस. तुला त्यांचं काही वाटत नाही, असं वाटलं मला." कप खाली ठेवला. "पाठवणार आहे. एकेक करून पाठवीन. सगळे भट्टीत आहेत."

आईची भट्टी अंगणात, शेडमधे. डिसेंबरपासून कुणी तिकडं फिरकलेलं नाही, असं मला वाटत होतं. उठून बघायला जायला हवं होतं. मी पर्स घेतली आणि कामावर गेले. दिवसभर लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगं धरली — हे बरं की हे? आता की मघाशी?

तुला त्यांचं काही वाटत नाही. हे वाक्य पाठ सोडत नाहीये.

१० एप्रिल

नोंदणी क्रमांक आला. विक्री सुरू राहील. तेवीस जणांना लिहिलं, कप यायला उशीर होतोय, चूक आमची. कपाबद्दल लिहिताना हात थांबला. गेला नाही पुढे.

११ एप्रिल

भट्टी उघडली.

आत फळ्यांवर तेवीस कप. आईच्या कुडत्यांत, ओढण्यांत, उशीच्या अभ्र्यांत गुंडाळलेले. वरून सुतळी, सुतळीला चिठ्ठी, चिठ्ठीवर त्या-त्या गिऱ्हाइकाचा पत्ता. एकही चुकलेला नाही.

सगळ्यात मागे चोविसावा. निळ्या स्वेटरमधे. तारीख वीस डिसेंबर — आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवसाची. चिठ्ठीवर माझं नाव आणि याच घराचा पत्ता.

तिथंच खाली बसले आणि रडले. मोठ्यानं, स्वेटरमधे तोंड खुपसून, शेजारी ऐकतील याची पर्वा न करता.

बाबा दारात उभे होते. मी शांत होईपर्यंत थांबले. मग रजिस्टर उघडून पुढे केलं, खिशातलं पेन काढून दिलं. "पोचल्याची सही कर," म्हणाले.

केली.